किल्ल्याखालचे गाव आणि आपला कॅमेरा

शालेय वार्षिक अंक हाती पडला म्हणजे विद्यार्थी प्रथम कोणते पान उघडतात, हे सांगावयास ज्योतिषी नको. मुख्याध्यापकांचे निवेदन, वार्षिक वृत्तांत, लेख, कविता ही सारी मागाहून. प्रथम पाहिली जातात ती छायाचित्रांची पाने. आपण कोणत्या रांगेत उभे आहोत, आपला चेहरा कोणाच्या खांद्याआड गेला, ढाल स्वीकारताना कप्तानाचे डोळे मिटले होते की काय, यावर आठवडाभर चर्चा चालते. यात गैर काही नाही. तथापि ही पाने थोडी बारकाईने चाळली तर एक गोष्ट ध्यानात येते. कोणत्याही वर्षाचा अंक घ्या, चित्रे तीच. स्नेहसंमेलन, पारितोषिक-वितरण, क्रीडासंघ आणि सहल. सहलीच्या चित्रात मागे मानमंदिराची निळी नक्षी आणि पुढे विद्यार्थ्यांच्या चार रांगा. त्या चित्रावरून आपण तेथे गेलो होतो एवढे सिद्ध होते. तेथे आपण काय पाहिले, हे मात्र त्यातून कोणासही कळत नाही.

यास्तव या लेखात एक सूचना मांडावयाची आहे. प्रत्येक वर्षीच्या अंकातील निदान चार पाने विद्यार्थ्यांनी स्वतः तयार केलेल्या छायाचित्र-निबंधास द्यावीत, आणि त्या निबंधाचा विषय ‘मला जवळची वाटणारी जागा’ हा असावा. जागा आपल्या ग्वाल्हेरातील अथवा आसपासची असावी. ती प्रसिद्ध असलीच पाहिजे असे नाही. किंबहुना ती प्रसिद्ध नसेल तर अधिक बरे. ही सूचना वरवर पाहता किरकोळ वाटेल. परंतु तिच्याशी आपल्या गावाच्या स्मृतीचा, आणि या गावात दोनशे वर्षे नांदलेल्या आपल्या भाषेचाही संबंध आहे, असे मला वाटते. तो कसा, हे क्रमाने पाहू.

प्रथम छायाचित्र-निबंध म्हणजे काय ते स्पष्ट केले पाहिजे. निबंध या शब्दाची विद्यार्थ्यांस चांगली ओळख आहे. काहींस थोडी धास्तीही आहे. ज्यात विचार एकमेकांस बांधलेले असतात तो निबंध. त्यास आरंभ असतो, मध्य असतो, शेवट असतो. एक परिच्छेद काढून टाकला तर पुढला अधांतरी राहतो. छायाचित्र-निबंधात हेच काम चित्रांकडून करून घ्यावयाचे असते. दहा सुंदर चित्रे एका पानावर चिकटविली म्हणजे तो निबंध होत नाही. ती केवळ दहा चित्रे होतात. पहिल्या चित्राने दुसऱ्याची उत्सुकता निर्माण करावी, चौथ्याने पहिल्याचा अर्थ बदलावा, आणि शेवटचे चित्र पाहून पुन्हा आरंभाकडे वळावेसे वाटावे, अशी ती गुंफण असते. अमेरिकेतील ‘लाइफ’ साप्ताहिकाने हा प्रकार लोकप्रिय केला. १९४८ साली त्या साप्ताहिकात यूजीन स्मिथ या छायाचित्रकाराचा एका खेड्यातील डॉक्टरांवरील चित्रनिबंध प्रसिद्ध झाला. तो आजही आदर्श मानला जातो. त्यासाठी स्मिथ कोलोरॅडो राज्यातील त्या लहानशा गावी सुमारे तीन आठवडे डॉक्टरांच्या मागोमाग हिंडत होता. तीन आठवडे व एक माणूस, हे प्रमाण लक्षात ठेवण्याजोगे आहे. आपण एका दुपारी सारा किल्ला ‘उरकतो’.

आता कोणी म्हणेल, डॉक्टर ठीक. पण आपल्या घराजवळची गल्ली, नाला, माळ अथवा गच्चीवरून दिसणारा डोंगर यांत असे काय आहे की त्यांवर चित्रे खर्ची घालावीत? या प्रश्नाचे उत्तर छायाचित्रणाच्या जन्मकथेतच आहे. आज उपलब्ध असलेले निसर्गाचे सर्वांत जुने छायाचित्र फ्रान्समधील नीसेफोर न्येप्स याने सुमारे १८२६-२७ साली घेतले. धातूच्या पत्र्यावर डांबरासारख्या पदार्थाचा थर देऊन, कित्येक तास प्रकाश पडू देऊन त्याने ते उमटविले. यंत्र नवे, कल्पना नवी. जगातील कोणतेही दृश्य निवडण्यास तो मोकळा होता. त्याने काय निवडले? आपल्याच घराच्या वरच्या मजल्यावरील खिडकीतून दिसणारी छपरे व अंगण. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी प्राग शहरातील योसेफ सुडेक याने आपल्या चित्रशाळेच्या खिडकीतून दिसणाऱ्या लहानशा बागेची चित्रे १९४० ते १९५४ अशी चौदा वर्षे घेतली. त्यांतील आरंभीची वर्षे जर्मन सैन्याच्या अमलाखालची होती. बाहेर मोकळेपणाने हिंडता येत नसता त्या माणसाने काचेवरील दव, बर्फ व एक वाकडे झाड यांत आपले जग पाहिले. ज्याला आपल्या खिडकीतून दिसणारे नीट पाहता आले, त्याला पुढे दूरचेही पाहता येते.

आपल्या गावाकडे वळू. ग्वाल्हेरची छायाचित्रे जगात शेकडो असतील; आणि त्यांत थोर छायाचित्रकारांच्या कामाचाही समावेश आहे. इंदूर येथे सरकारी बांधकाम खात्यात नोकरीस असलेले लाला दीनदयाळ हे १८८२ साली मध्य भारतातील ब्रिटिश एजंट सर लेपल ग्रिफिन यांच्याबरोबर दौऱ्यावर निघाले. त्या दौऱ्यातील त्यांच्या चित्रांचा ग्रंथ १८८६ साली प्रसिद्ध झाला. त्यात ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील वास्तूंना मानाचे स्थान आहे. ती चित्रे पाहताना मन थक्क होते. दगडाचा खरखरीतपणा बोटांना जाणवावा, असे ते काम आहे. परंतु एक गोष्ट विसरता कामा नये. ज्या काळी ही चित्रे घेतली गेली, त्या काळी हा किल्ला ब्रिटिश फौजेच्या ताब्यात होता. १८५८ मध्ये तो त्यांनी घेतला आणि १८८६ मध्ये शिंद्यांस परत केला. ग्रंथाचा विषय होता मध्य भारतातील प्रसिद्ध वास्तू. त्यात तेलीमंदिर असणार, मानमंदिर असणार. पण पायथ्याशी पाणी भरणाऱ्या बाईची वाट असणार नाही, आणि तिला किल्ला कोणत्या बाजूने, किती वाजता, कसा दिसत असे हेही असणार नाही. हा दीनदयाळांचा दोष नव्हे. ज्याचे काम त्याने करावे. पायथ्याच्या वाटेचे काम पायथ्याशी राहणाऱ्यांचे आहे, आणि ते अद्याप बव्हंशी व्हावयाचे आहे.

किल्ल्याचेच उदाहरण घेऊन हा मुद्दा अधिक स्पष्ट करता येईल. ही टेकडी सपाट मैदानातून सुमारे शंभर मीटर उभी उठलेली असून दक्षिणोत्तर जवळजवळ तीन किलोमीटर पसरलेली आहे. त्यामुळे गावाच्या प्रत्येक भागाचा किल्ला वेगळा आहे. मुरारकडून पाहणाऱ्यास तो लांबच लांब पडलेला दिसतो आणि सूर्य त्याच्या मागे मावळतो. पश्चिमेकडे राहणाऱ्यास त्याच्याच मागून सूर्योदय होतो. लष्करातून पाहिले तर त्याची लांबी आखडते व कडा अंगावर आल्यासारखा वाटतो. मानमंदिराची पूर्वेकडील भिंत, तिच्यावरील निळी बदके, हत्ती व केळीची झाडे, सकाळच्या उन्हात उजळतात. दुपारनंतर तीच भिंत सावलीत जाते. उन्हाळ्यात हा सारा दगड भाजून काढल्यासारखा पिवळा दिसतो, आणि श्रावणात त्याच्या फटीफटींतून हिरवळ फुटते. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात तर कित्येक सकाळी किल्ला नाहीसाच होतो. तो तेथे आहे हे केवळ आपल्याला ठाऊक असते म्हणून आहे. या अनुभवाचे चित्र कोणत्या प्रवाशाने घ्यावे? तो दोन दिवसांसाठी येतो. धुके असले तर गावाला नावे ठेवून परत जातो. रिकाम्या पांढऱ्या आकाशाचे चित्र घेऊन त्याखाली ‘आमच्या गच्चीवरून दिसणारा किल्ला’ असे लिहिण्याचा अधिकार येथे राहणाऱ्या मुलासच आहे.

लष्कराचे तर नावच एक चित्र आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेस आपला तळ दिला. तळाचे गाव झाले, गावाचे शहर झाले, आणि नाव मात्र तळाचेच राहिले. आजही आपण सहज म्हणतो, ‘लष्करात राहतो’. एखादा पुण्याचा पाहुणा ते ऐकून आपले वडील सैन्यात आहेत असे समजतो! त्या तळाचे अवशेष दगडांत जितके उरले आहेत त्याहून अधिक वस्त्यांच्या नावांत उरले आहेत. शिंदे की छावणी, चिटणीस की गोठ, बक्षी की गोठ, गाढवे की गोठ, खासगी बाजार, फालका बाजार, जीवाजीगंज. मराठीत छावणीच्या एका भागास ‘गोट’ म्हणत. ‘शत्रूच्या गोटात’ असे आपण अजूनही म्हणतो. तोच शब्द येथील जिभेवर ‘गोठ’ होऊन बसलेला दिसतो. मधला ‘की’ हिंदीचा, पुढला चिटणीस मराठी दप्तरातला. एका लहानशा पाटीवर दोन भाषा अशा शेजारणींसारख्या बसल्या आहेत. त्या पाटीचे छायाचित्र मला राजवाड्यातील झुंबराच्या छायाचित्रापेक्षा अधिक मोलाचे वाटते. कारण झुंबर जपण्यास पहारेकरी आहेत. पाटी उद्या नव्या रंगात, नव्या नावाने लागली, तर जुनी कोणाच्या स्मरणात राहणार?

येथे या विषयातील खरी निकड सुरू होते. भूमी स्थिर असते, असे आपण समजतो. इतिहासाच्या पुस्तकात राजे बदलतात, भूगोलाच्या पुस्तकात डोंगर व नद्या मात्र जागच्या जागी असतात. प्रत्यक्षात आपल्या डोळ्यांदेखत ही दृश्ये पालटत आहेत. ग्वाल्हेरहून सबलगडमार्गे श्योपूरला जाणारी लहान आगगाडी अनेकांनी पाहिली असेल. दोन फूट रुंदीचा रूळ, सुमारे दोनशे किलोमीटरांचा मार्ग, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात माधवराव शिंद्यांच्या कारकीर्दीत घातलेला. घोसीपुरा, मोतीझील, सुमावली, जौरा, कैलारस अशी तिची स्थानके. डब्यात जागा नसली म्हणजे माणसे टपावर बसत. २०२० च्या मार्चनंतर ती गाडी धावलेली नाही. तिच्या जागी मोठ्या रुळाचे काम सुरू झाले. मोठी गाडी हवीच. श्योपूरच्या रुग्णास लवकर ग्वाल्हेर गाठता येणे हे कोणत्याही आठवणीहून महत्त्वाचे आहे. प्रश्न इतकाच की, घरांच्या परसांना चाटून जाणारी ती संथ गाडी ज्यांच्या बालपणाचा भाग होती, त्यांच्यापाशी तिची चित्रे किती आहेत? परगावच्या हौशी मंडळींनी तिच्या इंजिनाची चित्रे पुष्कळ घेतली. परंतु गाडी गेल्यावर फाटक उघडण्याची वाट पाहणारे सायकलस्वार, रुळांवर वाळत घातलेले कपडे, गाडीच्या वेळेवरून स्वयंपाकाची वेळ ठरविणारे घर, ही दृश्ये रुळांशेजारी राहणाऱ्यांनीच घ्यावयाची होती.

सुवर्णरेखेचेही तसेच. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचा घोडा याच नाल्याच्या काठी अडला, अशी परंपरागत कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. जून १८५८ मध्ये राणीसाहेबांना येथे वीरमरण आले. फुलबागेजवळील त्यांच्या समाधीस प्रत्येक शाळेची सहल जाते. परंतु ज्या प्रवाहाचे नाव त्या कथेत येते, तो पाहावयास कोणी जात नाही. त्याच्या पात्रास आता सिमेंटचे अस्तर झाले असून त्यावर उन्नत मार्गाचे खांब उभे राहिले आहेत. बिर्लानगरातील जियाजीराव कापड गिरणी गेल्या शतकाच्या अखेरीस बंद पडली. तिच्या भोंग्यावर घड्याळे लावणारी पिढी आता वार्धक्यात आहे. आणि जुन्या लष्करातील वाडे एकेक करून उतरत आहेत. चौक, दगडी उंबरा, तुळशीवृंदावन, कोरीव जाळीची खिडकी यांच्या जागी सदनिका उभ्या राहतात. वारसांची संख्या वाढते, वाड्याचे छप्पर गळते, दुरुस्तीचा खर्च कोणासही पेलत नाही; वाडा विकणाऱ्यास दोष देणे सोपे, पण न्याय्य नाही. पाडणे थांबविणे आपल्या हाती नसेल. पाहणे आपल्या हाती आहे.

आपणा मराठी कुटुंबांपुढे याखेरीज आणखी एक प्रश्न आहे. आपले पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर, दप्तराबरोबर, देवळांच्या व पाठशाळांच्या निमित्ताने येथे आले. कुलदैवत जेजुरीस, तुळजापुरास अथवा कोकणात. आजीच्या गोष्टींतील नदी कृष्णा, आणि झाड फणसाचे. इकडे मूल ज्या मातीत खेळते ती पिवळसर, कोरडी. झाडे कडुनिंबाची व चिंचेची. पलीकडे चंबळेच्या घळी, ज्यांना येथे बीहड म्हणतात. मूल घरात एका भूमीची भाषा बोलते व बाहेर दुसऱ्या भूमीवर चालते. यातून कित्येकांच्या मनात अशी समजूत दृढ होते की, आपले खरे गाव कोठेतरी दूर आहे आणि येथे आपण मुक्कामास आहोत. दोनशे वर्षांचा मुक्काम! वास्तविक याच गावात राजकवी भा. रा. तांबे यांचे वास्तव्य होते आणि १९४१ साली येथेच त्यांचे निधन झाले. १९६१ चे मराठी साहित्य संमेलन येथेच भरले व कुसुमावती देशपांडे या त्याच्या अध्यक्षा होत्या. संमेलनाच्या इतिहासातील त्या पहिल्या महिला अध्यक्षा. ख्याल-गायकीच्या ज्या परंपरेस सारा महाराष्ट्र ग्वाल्हेर घराणे म्हणून वंदन करतो, तिचे नावच या मातीचे आहे. तेव्हा ग्वाल्हेरचा मराठी मनुष्य हा महाराष्ट्रापासून तुटलेला तुकडा नव्हे. तो या भूमीचा रहिवासी आहे, आणि या भूमीविषयी मराठीत बोलणे हे त्याचे स्वतःचे काम आहे. ते त्याने केले नाही तर दुसरे कोणी करणार नाही.

येथेच छायाचित्र-निबंधाचा भाषेशी संबंध येतो. प्रत्येक चित्राखाली दोन-तीन ओळी लिहाव्या लागतात. त्या लिहू लागले की शब्दांची गरज भासते. वाड्याच्या दारावरील आडव्या लाकडास काय म्हणतात? भिंतीतील त्या लहान कोनाड्यास? चौकाच्या कडेच्या उंचवट्यास? मुलास ठाऊक नसते. ते आजोबांस विचारते. आजोबा सांगतात : गणेशपट्टी, देवळी, ओटी. तीन शब्द एका घरात एका पिढीने पुढे सरकले. व्याकरणाच्या तासास हे शब्द पाठ करून घेतले असते तर परीक्षेनंतर ते विसरले गेले असते. आज आपल्या घरांतून मराठी कमी होत चालली आहे, अशी तक्रार प्रत्येक सभेत ऐकू येते. तक्रारीने भाषा वाढत नाही. भाषेला काम दिले म्हणजे ती वाढते. आपल्या भोवतालच्या वस्तूंना नावे ठेवणे, म्हणजे खरोखरीची नावे ठेवणे, हे भाषेचे पहिले काम होय.

आता या सूचनेवर जे आक्षेप येतील त्यांचा विचार करू.

पहिला आक्षेप असा की, छायाचित्रांची आज वाण आहे काय? प्रत्येक घरात मोबाईल आहे आणि प्रत्येक मोबाईलमध्ये हजारो चित्रे आहेत. हे खरे; परंतु धान्याचे पोते आणि ताटातील भोजन यांत जो फरक, तोच येथेही. हजारो चित्रांपैकी आठ निवडणे, उरलेली बाजूस सारणे, आणि त्या आठांचा क्रम लावणे, यातच विचार आहे. शिवाय ही हजारो चित्रे सुरक्षित आहेत असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. यंत्र बिघडले, हरवले, बदलले की ती गेलीच. कागदावर छापलेल्या व खाली तारीख असलेल्या चित्राचे आयुष्य अजूनही अधिक असते, हे ज्यांच्या घरी पणजोबांचे पिवळे पडलेले चित्र आहे त्यांस सांगावयास नको.

दुसरा आक्षेप याच्याही पुढचा आहे. आता संगणकास नुसते वाक्य सांगितले तर तो किल्ल्याचे मनोहर चित्र घडवून देतो. मग उन्हात हिंडावे कशास? माझे उत्तर असे की, सौंदर्य हाच हेतू असता तर हा आक्षेप बिनतोड ठरला असता. परंतु येथे साक्ष हवी आहे. अमुक दिवशी, अमुक गल्लीत, अमुक दारापुढे मी उभा होतो, आणि तेथील तिसरी पायरी खचलेली होती, हे यंत्र सांगू शकत नाही. कारण ते तेथे नव्हते. गेल्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये यूजेन आत्झे हा मनुष्य पाडावाच्या तोंडी आलेल्या जुन्या गल्ल्या, दुकाने व अंगणे यांची चित्रे वर्षानुवर्षे घेत हिंडला. तो स्वतःस मोठा कलावंत म्हणवून घेत नसे. चित्रकारांस व ग्रंथालयांस उपयोगी पडतील असे दस्तऐवज आपण तयार करतो, असे त्याचे म्हणणे. त्या गल्ल्यांपैकी कित्येक आज नाहीत. दस्तऐवज आहेत, आणि जग त्यांस कला म्हणते.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे व तो आदराने ऐकला पाहिजे. मराठी कुटुंबांनी ग्वाल्हेरच्या आठवणी काढणे म्हणजे गतवैभवाची हळहळ, असे काहीजण म्हणतील. तलवारीच्या जोरावर आलेल्यांचे हे स्मरणरंजन, त्यात नव्या पिढीने का पडावे? या आक्षेपात तथ्याचा अंश आहे. म्हणूनच आपला निबंध राजवाड्यापासून सुरू होऊ नये. या टेकडीवर शिंद्यांच्या आधी मोगल होते, त्यांच्या आधी तोमर, त्यांच्याही आधी कच्छपघात. चतुर्भुज मंदिरातील शिलालेखात इ. स. ८७६ सालचे शून्य कोरलेले आहे. तोमरांच्या काळात कोरलेल्या उरवाहीच्या भव्य जैन मूर्ती, महंमद घौस यांची कबर, तिच्या सावलीत निजलेला तानसेन, हे सर्व एकाच भूमीचे थर आहेत. भूमी कोणा एकाची नसते. ज्या मित्राच्या घरी हिंदी, बुंदेली, सिंधी वा उर्दू बोलली जाते, त्याचीही गल्ली या पानांत आली पाहिजे. आणि आपल्या वाड्याचे चित्र घेताना तो ज्या पाथरवटाच्या हाताने उभा राहिला, त्याच्या छिन्नीच्या खुणाही दिसल्या पाहिजेत. प्रेम आणि मालकी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे ज्या निबंधातून उमगेल तो हळहळीचा निबंध होणार नाही.

आता थोडे कार्यपद्धतीविषयी. समजा, एखाद्या विद्यार्थिनीने चिटणीस की गोठमधील आपल्या मामाच्या वाड्याचा विषय घेतला. तिने पहिल्या दिवशी चित्र घेऊच नये; कागद-पेन्सिल घेऊन बसावे व या जागेविषयी आपणास नेमके काय वाटते ते पाच ओळींत लिहावे. ‘वाडा सुंदर आहे’ ही ओळ कामाची नाही. ‘येथे उन्हाळ्यात दुपारी सर्वजण ज्या एका दालनात निजत, तेथे आता कुलूप आहे’ ही ओळ कामाची आहे. कारण तिच्यातून चित्रे सुचतात. मग निरनिराळ्या वेळी निदान चार वेळा तेथे जावे. पहाटेचा, दुपारचा व दिवेलागणीचा चौक हे तीन वेगळे चौक असतात. चित्रांत दुरून घेतलेले एक असावे, ज्यायोगे जागा कोठे आहे ते कळेल. मध्यम अंतरावरची काही. आणि अगदी जवळून घेतलेली दोन-तीन, जसे झिजलेल्या उंबऱ्याचे, गंजलेल्या कडीचे, चुलीच्या धुराने काळवंडलेल्या तुळईचे. एका चित्रात माणूस हवा. त्याचा चेहराच हवा असे नाही, जात्यावर टेकलेला हात पुरेल. माणसांची चित्रे त्यांस विचारून घ्यावीत व छापण्यापूर्वी त्यांस दाखवावीत. एखाद्याने नको म्हटले तर तेथे थांबावे. कोणाचे दुःख अथवा दारिद्र्य आपल्या चार पानांचे भांडवल होता कामा नये. घरात जुने छायाचित्र असल्यास, ते जेथून घेतले असेल त्याच ठिकाणी उभे राहून आजचे चित्र घ्यावे व दोन्ही शेजारी छापावीत. अशा जोडचित्रापुढे लांबलचक भाष्याची गरज उरत नाही.

शेवटी निवड. चाळीस चित्रांतून आठ ठेवताना सर्वांत सुंदर चित्र कधी कधी काढून टाकावे लागते, कारण ते निबंधात बसत नाही. हे जिवावर येते. पण लेखनातही गोंडस वाक्य असेच गाळावे लागते, हे आपले मराठीचे शिक्षक सांगतच असतात. प्रत्येक चित्राखाली जागा, दिनांक व वेळ अवश्य लिहावी. आज ती निरर्थक वाटेल. तीस वर्षांनी चित्रापेक्षा ती ओळच अधिक शोधली जाईल.

हे सर्व करण्यास महागडे साधन लागत नाही. वर्गातील दोघा-तिघांत मिळून एक मोबाईल असला तरी भागेल. एकाने चित्रे घ्यावीत, दुसऱ्याने माहिती गोळा करावी, तिसऱ्याने लिहावे. ज्याच्या घरी वाडा नाही त्याने खट्टू होऊ नये. भाड्याच्या खोलीची गच्ची, मेळ्याचे मैदान दहा महिने रिकामे असताना, शाळेच्या वाटेवरील एकच कडुनिंब, तिघऱ्याच्या धरणावर वडिलांसोबत घालविलेला रविवार, यांपैकी काहीही चालेल. तिघऱ्याचेच पाहा : आज ज्या शांत पाण्याकाठी आपण डबे उघडतो, तो बांध १९१७ च्या ऑगस्टमध्ये फुटला होता व पुन्हा बांधावा लागला. जागेला आपल्या आठवणीखेरीज स्वतःचीही आठवण असते. ती शोधली म्हणजे निबंधास खोली येते.

अंकाच्या संपादक-मंडळास माझी विनंती एवढीच की, चार पाने राखून ठेवावीत, आणि छापलेल्या तसेच न छापलेल्याही सर्व निबंधांची एकेक प्रत शाळेच्या ग्रंथालयात एका जाड वहीत चिकटवून जपावी. दर वर्षी पाच निबंध जमले तरी वीस वर्षांत शंभर होतील. शंभर मुलांनी, शंभर ठिकाणी उभे राहून, मराठीत सांगितलेले ग्वाल्हेर! असा ग्रंथ आजवर कोणत्याही छायाचित्रकाराने केलेला नाही, आणि त्याला तो एकट्याने करताही येणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, किल्ल्याची काळजी करू नका. तो पाहण्यास जग येते; त्याची चित्रे जगभर आहेत. तुमच्या दारासमोरच्या वाटेची चित्रे घेणारे मात्र तुम्हीच आहात. दिवाळीची सुटी लागेल, ऊन कोवळे होईल, तेव्हा एक सकाळ त्या वाटेस द्या. तेथे काय पाहिले ते पुढील अंकात आम्हांस दाखवा.